किसनमामा आणि पेटीतला कॉम्प्युटर

किसनमामांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्याकडं गेलेल्या माणसाची आठवण निघाली की लोक त्याला लगेच शास्त्रज्ञ करून ठेवतात. मामा आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, बेडूक आणायचे, बेडूक संपले की पुन्हा आणायचे, आणि विज्ञानाचे सर वर्गाकडं फिरकले नाहीत तर पोरांना गप्प बसवायचं. शाळा जाफराबाद तालुक्यातली, टेंभुर्णीच्या अलीकडं. गावाचं नाव सांगत नाही. संस्थेचे लोक अजून धडधाकट आहेत आणि मला उगीच कुणाचे फोन नको आहेत. मी तिथं इतिहास शिकवायचो. आयुष्यात मी स्वतःच्या हातानं एकही वस्तू दुरुस्त केलेली नाही, तेव्हा पुढं जे सांगतोय त्यातलं तांत्रिक काही चुकलं तर ते माझं समजा.

मामा बुटके, रंगानं पक्के काळे, मिशी पांढरी. इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, मामांच्या खिशाला पिचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, असायचा. त्यांचं सगळं बस्तान प्रयोगशाळेतच. दुपारची भाकरी आणि ठेचा ते ॲसिडच्या कपाटाला टेकून खायचे. चहा स्पिरिटच्या दिव्यावर, काचेच्या चंचुपात्रात. माणशी शंभर मिली, एक थेंब इकडं नाही की तिकडं नाही. मुख्याध्यापकांनी एकदा लेखी ताकीद दिली की प्रयोगशाळेच्या उपकरणांत खाद्यपेय शिजवू नये. मामांनी ताकीद वाचून घेतली, सही केली, आणि ताकीद घेऊन आलेल्या शिपायाला शंभर मिली पाजले.

वस्तू बिघडली की गावातले बाकीचे कारागीर पहिला तो पिचकस काढायचे. मामा शेवटी काढायचे. त्याआधी त्यांची चौकशी चालायची, आणि ती अशी की बिघडलेल्या वस्तूच्या मालकाला घाम फुटावा. मामांचे वडील गुराढोरांना औषधपाणी करायचे, तिथून ही खोड आली होती. म्हैस सांगू शकत नाही तिला काय होतंय, म्हणून मग तिच्या धन्याला विचारायचं, काय खाते, कधी बसते, कुणाला बघून उठते. मामा पंख्याबद्दल, पंपाबद्दल, मुख्याध्यापकांच्या स्कूटरबद्दल हेच विचारायचे. "आधी इचारायचं, मंग उघडायचं," एवढीच त्यांची विद्या. आम्ही हसायचो.

स्टाफरूमच्या घड्याळाचं प्रकरण झालं तेव्हापासून जरा कमी हसायला लागलो. ते घड्याळ रोज संध्याकाळपर्यंत दहा मिनिटं पुढं जायचं. भोकरदनला घड्याळजीकडं दोनदा जाऊन आलं. त्याच्याकडं बरोबर चालायचं, भिंतीवर आलं की पुन्हा पळायचं. मामांनी ते खाली उतरवलंसुद्धा नाही. चार दिवस स्टाफरूममध्ये कुणाकुणाला नुसतं विचारत हिंडले. घड्याळ कधी पुढं जातं, सकाळी की दुपारी, शनिवारी जातं का, सुट्टीत जातं का. पाचव्या दिवशी शिडी आणली आणि घड्याळाचा खिळा दोन हात वर ठोकला. बस्स, घड्याळ सुधारलं. आणि त्याच संध्याकाळी आमच्या गणिताच्या सरांची भोकरदनची बस चुकली. हा गृहस्थ रोज शेवटच्या तासाआधी छडीच्या टोकानं काटा पुढं ढकलत होता. मामांनी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. मी फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "खिळा खाली होता, सर."

आता कॉम्प्युटर. दोन हजार सालाच्या पुढंमागं शासनाचं म्हणणं आलं की शाळांनी संगणक शिकवावा. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे भाऊसाहेबांना, हे फार मनावर घ्यावंसं वाटलं. भाऊसाहेबांचा जिन शाळेच्या भिंतीला भिंत लावून. दिवाळी झाली की कापूस यायचा, सरकी काढण्याची यंत्रं धडधडायची, आणि उन्हाळ्यापर्यंत आमच्या फळ्यावर, डब्यावर, भुवयांवर कापसाच्या उडत्या तंतूंची पांढरी बारीक फुकणी बसलेली असायची. शाळेतली पोरं नवीन असताना खोकायची, मग खोकायची बंद व्हायची. भाऊसाहेबांनी वडलांच्या, तात्यासाहेबांच्या, स्मरणार्थ एक कॉम्प्युटर दिला. पण नुसता देतील तर ते भाऊसाहेब कसले? कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. वर पडद्यासाठी काचेचं कवाड, खाली मशीनच्या डब्यासाठी कप्पा. कप्प्याला जाडजूड फळीचं दार, दाराला कुलूप, आणि दाराच्या बरोबर मधोमध चार स्क्रूंनी पक्का बसवलेला तात्यासाहेबांचा फोटो. मागं वायरींपुरतं एक भोक. कप्पा असा बंद की आत मुंगी शिरायची तर तिनं अर्ज करावा.

उद्घाटन झालं. नारळ फुटला, त्याचं पाणी वायरीवर उडालं, ते मामांनी धोतरानं पुसलं. मुख्याध्यापकांनी नियम काढले. चपला बाहेर. रोज सकाळी उदबत्ती. पोरांनी तात्यासाहेबांना नमस्कार केल्याशिवाय की-बोर्डला हात लावायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम, मशीन चालू केलं की खालचं दार लगेच बंद करून कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. चोरी होऊ नये, धूळ जाऊ नये आणि तात्यासाहेबांचं तोंड कायम वर्गाकडं राहावं, असे त्याचे तीन उद्देश होते.

शिकवायला सुनीताबाई आल्या. भोकरदनच्या, वय बावीस-तेवीस, जालन्याला कोर्स केलेला. रोज बसनं यायच्या. पद तात्पुरतं, मानधनावर. मार्चमध्ये तालुक्यावरून समिती येणार, भरलेल्या वर्गात पूर्ण तासभर कॉम्प्युटर चालताना बघणार, आणि मग पदाला मान्यता मिळणार. मान्यता मिळाली तर बाई राहणार, नाही मिळाली तर घरी. घरी वडलांनी वर्षाची मुदत दिली होती. नोकरी टिकली तर पुढं शीक, नाही टिकली तर आम्ही बघतो तिथं मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहा. हे मला बाईंनी नाही सांगितलं, मामांनी सांगितलं. बाई शंभर मिली चहा प्यायला प्रयोगशाळेत जायच्या आणि तिथं बोलायच्या.

जानेवारी उजाडला आणि मशीन बंद पडायला लागलं. तास सुरू झाला की वीस-पंचवीस मिनिटं चांगलं चालायचं, मग पडदा एकदम काळा. अर्ध्या तासानं चालू केलं की पुन्हा सुरळीत. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा काळा. जालन्याहून एक तरुण तंत्रज्ञ मोटारसायकलवर आला. कप्प्यातून मशीन बाहेर टेबलावर काढून त्यानं दोन तास काहीबाही केलं, आतलं सगळं पुसून नव्यानं भरलं. टेबलावर ते झकास चाललं. तो गेला, मशीन कप्प्यात गेलं, कुलूप लागलं आणि पंचविसाव्या मिनिटाला राम म्हणालं. दुसऱ्यांदा त्यानं एक भाग बदलला. तिसऱ्यांदा तो आला नाही, फोनवर म्हणाला की हाताळणीत दोष आहे.

झालं. मुख्याध्यापकांना हा शब्द असा आवडला म्हणता! हाताळणीत दोष म्हणजे बाईंच्या हातात दोष. त्यांचा एक भाचा नुकताच तोच कोर्स करून घरी बसला होता, त्यामुळं त्यांना हे निदान पटायला वेळ लागला नाही. स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. बाईमाणसाला मशीन झेपत नाही, हिच्या हाताला गुण नाही, वगैरे. पडद्याला लिंबू-मिरची टांगली गेली. मीसुद्धा त्या कुजबुजीत बसून मान डोलावली आहे, खोटं कशाला बोलू.

मामांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपणहून चपला काढून संगणक खोलीत गेले आणि स्टुलावर बसले. तीन दिवस नुसते बसले. बाईंना विचारायचे, सकाळच्या तासाला किती वेळ दम धरतं? दुपारी किती? उठायला किती वेळ लागतो? बाईंनी पहिल्या दिवशी नीट उत्तरं दिली, दुसऱ्या दिवशी वैतागल्या, तिसऱ्या दिवशी रडल्या. म्हणाल्या, मामा, तुम्हीसुद्धा माझीच चौकशी करता. मामा म्हणाले, "तुमची न्हाई बाई, त्याची करून राह्यलो. ते बोलत न्हाई म्हणून तुम्हाला इचारतो."

चौकशीत निघालं ते असं. सकाळी गारव्यात अर्धा तास, दुपारी पंधरा मिनिटं. म्हणजे उन्हाशी काहीतरी संबंध. पण एका शनिवारी मशीन सलग तीन तास चाललं होतं, हूं की चूं न करता. त्या शनिवारी काय वेगळं होतं? बाईंना आठवेना. मामांनी शिपायाला गाठलं, दोन पोरांना गाठलं, शेवटी निघालं की त्या सकाळी मुख्याध्यापकांना जालन्याला मीटिंग होती. घाईत त्यांनी मशीनसाठी दार उघडलं आणि लावायचं विसरून तसेच बसला पळाले. दार दिवसभर उघडं होतं. मामा हे ऐकून एवढे खूश झाले की त्यांनी त्या दिवशी मला दोनशे मिली दिले.

मग त्यांनी पिचकस काढला. साफसफाईच्या नावाखाली किल्ली मिळवली, बाईंना समोर बसवून डबा उघडला. आत मी डोकावलो तर मला फक्त कापूस दिसला. मशीनच्या काळजावर जो छोटा पंखा असतो, त्याच्या खालच्या पत्र्यांच्या फटींत जिनची फुकणी जाऊन जाऊन तिची चक्क जाड वाकळ झाली होती, वर उदबत्तीच्या धुराचं तेलकट पुट. पंखा गरगर फिरायचा आणि वारा कुठंच जायचा नाही. मामांनी दाढीच्या ब्रशनं ती फुकणी सोडवली, सायकलच्या पंपानं वारा मारला, पंख्याच्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला. अजून गरम असलेल्या पत्र्यावर हात ठेवला आणि बाईंनाही ठेवायला लावला. "बघा, तुमच्या हातात दोष न्हाई. ह्याला ताप येऊन राह्यलाय. जीव जाऊ नये म्हणून ते आपणहून झोपतं. शहाणं हाय बिचारं."

सफाईनंतर बंद दारात मशीन पाऊण तास चालायला लागलं. पण समितीला तास पाहिजे होता, आणि मार्च म्हणजे आमच्याकडं पत्रे तापायला लागलेले. मामा मुख्याध्यापकांकडं गेले. साधं म्हणणं होतं, समिती येईल त्या दिवशी दार उघडं ठेवा. मुख्याध्यापक हादरले. दार उघडलं की फोटो भिंतीकडं फिरायचा. समितीबरोबर खुद्द भाऊसाहेब येणार, आणि त्यांच्यासमोर तात्यासाहेबांचं तोंड भिंतीला? मग मशीन पेटीतून बाहेर ठेवू, मामा म्हणाले. मग पेटी कशाला केली असं भाऊसाहेबांनी विचारलं तर? जिनच्या फुकणीनं मशीन खराब होतं असं सांगायचं का त्यांना? मुख्याध्यापकांनी हात जोडले आणि मामांना घालवून दिलं. मला वाटतं, मशीन बंद पडलेलंच त्यांना सोयीचं होतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी शाळा सुटली, साडेचारच्या बसनं सुनीताबाई गेल्या. बस वळणावर दिसेनाशी झाली तसे मामा स्टाफरूममध्ये आले आणि मला म्हणाले, सर, जरा दार धरायला या. मला वाटलं खोलीचं दार. जाऊन बघतो तर मामांनी तात्यासाहेबांचे चारही स्क्रू काढलेले. फोटो हारा-बिरासकट फळ्याच्या वर उंच भिंतीवर टांगलेला, खरं तर पहिल्यापेक्षा मानाच्या जागी. आणि खालच्या दारावर फोटोच्या मापाची पेन्सिलची चौकट. मी कप्प्याचं दार दोन्ही हातांनी घट्ट धरलं, मामांनी करवतीनं ती चौकट कापली. मागच्या फळीला गिरमिटानं वीसेक भोकं पाडली. कापलेल्या चौकटीवर मच्छरदाणीचा तुकडा दुहेरी करून ताणून ठोकला, वारा यावा आणि फुकणी अडावी म्हणून. हे करताना त्यांचं तोंड चालूच. तात्यासाहेबांना त्यांनी उमेदीत जवळून बघितलं होतं, त्यांच्या ओसरीवर उभं राहून नोकरी मागितली होती. "जित्तेपणी दारात आडवे बसायचे," मामा म्हणाले, "मेल्यावर बी तेच. सरका म्हणावं जरा." मला हसू आवरेना. पण हे अंगाशी येणार हे मला सागवानाचा पहिला भुसा पडला तेव्हाच कळलं होतं.

सकाळी मुख्याध्यापकांनी ते बघितलं तेव्हा समितीची जीप फाटकात वळत होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण करणार काय. वर्ग भरला. पाहुणे मागच्या बाकावर, भाऊसाहेब मध्ये. सुनीताबाईंनी पेटीकडं एकदा बघितलं, दाराकडं उभ्या असलेल्या मामांकडं एकदा बघितलं आणि शिकवायला सुरुवात केली. पंचवीस मिनिटं झाली. पाऊण तास झाला. बाईंच्या कपाळावर घामाचे थेंब, पण आवाज स्वच्छ. पोरं एकेक करून येत होती, आपापलं नाव पडद्यावर उमटवत होती. तास संपला, घंटा झाली, आणि मशीन आपलं चालूच. समितीचे साहेब खूश. बाईंचं शिकवणं छान आहे असं त्यांनी तिथल्या तिथं लिहून दिलं. मला इतका आनंद झाला होता की मी टाळ्या वाजवल्या, आणि कुणीच वाजवत नाही हे बघून थांबलो.

जीप गेल्यावर भाऊसाहेब मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले. आम्ही सगळे भिंतीला उभे. भाऊसाहेब ओरडणारा माणूस नव्हे, ते हळू बोलतात आणि त्याचीच भीती. त्यांनी विचारलं, वडलांच्या फोटोच्या जागी भोक कुणी पाडलं? मुख्याध्यापक म्हणाले, संगणक खोलीची जबाबदारी बाईंची आहे. बाईंनी तोंड उघडलं. त्या बहुतेक 'हो' म्हणणार होत्या, तसा त्यांचा स्वभाव होता. पण त्याआधी मामा पुढं झाले.

"मी पाडलं, साहेब. बाई गावाला गेल्यावर पाडलं. त्यांना ठाऊक न्हाई," मामा म्हणाले. "जिनची फुकणी तुमची, पेटी बी तुमचीच. दोन्हीच्या मधी ते मशीन गुदमरत होतं, अन् नाव बाईचं खराब होत होतं. ते बराबर न्हाई."

भाऊसाहेबांनी विचारलं, एकट्यानं केलंस? एवढी जाड फळी एकट्यानं कापली? कुणीतरी दार धरलं असेल ना.

मामा म्हणाले, एकट्यानं.

मी तिथंच होतो, चार पावलांवर. सागवानाचा भुसा माझ्या नखांत तेव्हाही असेल. मला दोन मुली, घर नुकतं बांधलेलं, बदली म्हणजे सगळाच विस्कोट. मी खिडकीबाहेर बघितलं. जिनमधून ट्रॅक्टर निघत होता, तो मी मोठ्या लक्षपूर्वक बघितला.

मामांची बदली झाली, संस्थेच्या बदनापूरकडच्या शाळेत. निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं होतं. गाव सोडून तिथं खोली करून राहिले. आमच्याकडं त्यांचा निरोप समारंभ झाला नाही, मुख्याध्यापकांनी होऊ दिला नाही. सुनीताबाई त्या दिवशी भाऊसाहेबांकडं जाऊन बोलणार होत्या, मामांनीच त्यांना अडवलं. तुम्ही बोललात तर माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल, म्हणाले. मे महिन्यात बाईंच्या पदाला मान्यता आली. पेटीला भोक तसंच राहिलं. तात्यासाहेब भिंतीवरच राहिले, तिथं ते बरे दिसायचे.

पुढच्या हिवाळ्यात मला बदनापूरला कसल्याशा शिबिराला जावं लागलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी विचारत विचारत मामांच्या शाळेत गेलो. व्हरांड्यात उकिडवे बसून ते एका बाकाचा पाय ठोकत होते. थोडे वाळले होते. मला बघून उठले, हात झटकले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, बाई कशा आहेत? मी सांगितलं की त्या कायम झाल्या, पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय, आता वडीलच त्यांना बसस्टँडवर सोडायला येतात. मामा एवढे हसले की बाजूच्या वर्गातल्या मास्तरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

मग मी ते बोललो. इतके महिने मनात घोळवलेलं. मामा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. दार मी धरलं होतं. मी गप्प राहिलो, मला माफ करा. बोलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याचीही लाज वाटली.

मामांनी बाकाचा पाय हलवून बघितला. पक्का झाला होता.

"सर, तुम्ही बोलणार न्हाई हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. अगदी सहज, कसलाही डंख न ठेवता. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तर तो बोलला असता, अन् उगं दोन माणसं गेली असती."

घंटा झाली. त्यांनी तो बाक एकट्यानं डोक्यावर घेतला आणि वर्गात नेऊन ठेवला.